इलिशच्या उजेडात जामाईषष्ठी

२१ मे
ठराव: जामाईषष्ठीच्या आत जेवणघरात उजेड करायचा. पियालीच्या लग्नानंतरची ही पहिलीच षष्ठी, जावई सौमाल्य सासूच्या हातचं जेवायला येणार. मागच्या वेळी सौमाल्यने आमच्याकडे अंधारात चहात मीठ घातलं आणि सभ्यपणे तो चहा पिऊनही टाकला. त्यावर त्याच्या आईने पियालीला ऐकवलं, तुझे बाबा अख्ख्या चंदननगरला रोषणाई करतात, घरी मात्र दिव्याखाली अंधार. पोरीला लागलं ते. मलाही लागलं. बायको चपला म्हणते, टेबलावर एक साधी ट्यूब लावा, झालं. ट्यूब! जगद्धात्रीच्या मिरवणुकीत ज्याचा दिव्यांचा मोर पिसारा फुलवतो, त्याने ट्यूब लावायची? हलवायाच्या घरी पाहुण्याला ग्लुकोज बिस्किट?

२२ मे
डिझाइन तयार. टेबलावर छताला टांगलेला, दिव्यांचा भलामोठा इलिश मासा. शेपूट हलणार, खवले चमकणार. जावयाच्या ताटात इलिश, डोक्यावरही इलिश. चार दिवसांचं काम. उद्या सुरू.

२९ मे
सुरू नाही. उकाडा. शिवाय एकामागून एक दिवे पेटवत पळवणाऱ्या रोलरला लाकूड चांगलं सुकलेलं लागतं, घाई करून चालत नाही. चपला म्हणाली, खिडक्यांसमोरचे दिव्यांचे जुने पॅनल तरी हलवा, दिवसा फुकटचा उजेड येईल. तिथे मोर, मगर आणि नाचरा हत्ती आहेत. त्यांना काय अंगणात पावसात ठेवू? तू कलावंताशी लग्न केलं आहेस, गोदामवाल्याशी नाही, असं मी सुनावलं. राहते तर गोदामातच आहे, म्हणाली. बायकांना कलेतलं कळत नाही.

३ जून
चाचणी यशस्वी. मासा पोहतो! किरकोळ अडचण: डोकं पेटलं की शेपूट विझते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही टोकांना एकदम उजेड मिळत नाही. चपलाला म्हटलं, ताल धरून जेवायचं, सवय होते. त्या उजेडात विळीवर वांगं चिरताना तिने बोट कापून घेतलं. लक्ष नसतं तिचं.

७ जून
चपलाने परस्पर ट्यूब आणली. मी ती कपाटावर टाकली. तेव्हापासून अबोला. संध्याकाळी पियालीचा फोन आला, ती आईशीच बोलली, मी शेजारून ऐकलं. रडत होती. सासू म्हणाली म्हणे, माहेरी जाताय तर टॉर्च घेऊन जा. यंदा चुकलं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. म्हणूनच ट्यूबवर भागवून चालणार नाही. त्या बाईच्या कानावर असं वर्णन गेलं पाहिजे की बोलती बंद. नवा ठराव: वेग दुप्पट, खवले हिरवे.

११ जून
हिरव्या उजेडात खीर शेवाळासारखी दिसते. चव तीच आहे. वेगाचं बटण जरा अडकतं, उद्या हलक्या हाताने फिरवेन. अबोला मोडून चपला एवढंच म्हणाली, अहो, पाया पडते, इलिशला काटे किती असतात, तो उजेडात खायचा मासा आहे. मी म्हटलं, बंगाली माणूस काटे जिभेने ओळखतो.

१२ जून, सकाळ
आले. पियाली दारातूनच छताकडे बघत होती. चपलाने जावयाच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, ताडाच्या पंख्याने वारा घातला. दह्याचा टिळा मात्र भुवईवर गेला, उजेड तेव्हा माशाच्या शेपटीकडे होता. सौमाल्य हसला. हसला म्हणजे आवडलं.

१२ जून, संध्याकाळ
दुपारी मोहरीतला इलिश वाढला. सौमाल्यने दुसरा घास घेतला आणि बोलता बोलता थांबला. खोकला येईना, श्वास घेता येईना. दोन्ही हात गळ्याशी. तोंड काळंनिळं पडलंय की माझा हिरवा दिवा, काही कळेना. पियाली किंचाळली, बाबा, बंद करा तो मासा! मी बटण फिरवलं, ते उलटं फिरलं. मासा पिसाळल्यासारखा पोहू लागला. चपला म्हणत होती, आ कर बाळा, आणखी आ कर. पण तिला क्षणभर घसा दिसे आणि लगेच अंधार. मी घाबरलो. माझ्या पोरीचं कुंकू माझ्याच दिव्याखाली पुसलं जाणार, एवढंच डोक्यात होतं, आणि मी ते बटणच फिरवत राहिलो. शेवटी चपलाने मोराला खांद्याने ढकललं. तो मगरीवर गेला, मगर हत्तीवर. तिने खिडकी उघडली, जावयाला उन्हात ओढलं, घशात दोन बोटं घातली आणि काट्यासकट घास बाहेर काढला. मोराची मान मोडली. हे मी कोणाला बोललो नाही.

१३ जून
शांतपणे विचार केला. दोष माशाचा. हंगामाआधीचा इलिश, काटे असायचेच. काल निघताना सौमाल्य बसलेल्या आवाजात चपलाला म्हणाला, मा, पुढच्या वर्षीपासून षष्ठी आमच्याकडे, तुम्ही दोघं जेवायला या. जावयाने सासूला जेवायला बोलवायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नसेल. चपला दार लावून रडली. मी समजावलं, नव्या विचारांचा मुलगा आहे. आज कपाटावरून ट्यूब खाली आली. मी अडवलं नाही.

१५ जून
पियालीला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे यायचंच आहे तर टेबलावर लावायला काहीतरी करून आणतो. इलिश नाही. छोटीशी कोळंबी, मिशा तेवढ्या हलतील. ती म्हणाली, बाबा, तुम्ही या. रिकाम्या हाताने या. मी म्हटलं, अगं, जड नाही, उचलेन मी. ती म्हणाली, जड नाही ते कळतंय मला. तरी नको.

चंदननगरातल्या एकाही मंडळाने मला आजवर नको म्हटलेलं नाही.