हिरवं पाकीट

प्रिय चुंग-यू,

सिंचूत वारा सुटलाय. तुमच्या पेंगहू बेटांवरच्या वाऱ्यापुढे ही नुसती फुंकर, असं तू म्हणायचास. झटक्यानंतर तुझ्या बाबांचा उजवा हात आता हलतो का?

येत्या सोमवारी मला उत्तर द्यायचं आहे. कंपनी हनोईला नवी प्रयोगशाळा काढतेय आणि मी तीन वर्षं तिथे जावं असं म्हणतेय. आई म्हणाली, "जा की बाई, इथं तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?" मी भाजी निवडायला घेतली.

आधी गंमत सांगते. सध्या आमच्याकडे चाचणीला चार अँटेनांचा एक फोन आहे. रबरी हाताच्या मुठीत दिला की ढेपाळायचा. दोन अँटेना बोटांखाली दबतात आणि उरलेल्या दोघी एकच गोष्ट ऐकत बसतात. गेल्या आठवड्यात मात्र पठ्ठ्या एकदम पास! सगळे टाळ्या पिटायला लागले. माझा विश्वास बसेना. दार उघडून लहरी शोषणाऱ्या त्या काळ्या सुळक्यांच्या खोलीत शिरले, तर रबरी हातामागे खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट! यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण ते बाहेर यंत्रांच्या कपाटावर ठेवतो. आत ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पाकिटाचा आतला चंदेरी कागद लहरी परतवत होता आणि फोनला नव्या वाटा मिळत होत्या.

ठेवलं कुणी? लाय साहेबांनी! "इंजिनियर आहात की पुजारी?" म्हणून पाकीट ठेवताना तुला छळायचे, तेच. कानाची पाळी चोळत म्हणाले, "अगं, ग्राहक उद्या येणार, म्हटलं जरा जवळ असू दे." शेजारच्या टेबलावरची या-लान म्हणाली, "साहेब, मग प्रत्येक फोनबरोबर एक पाकीट फुकट देऊ या!"

मी पोट धरून हसले. हसता हसता तुला सांगायला फोन काढला, तुझं नावही समोर आलं, आणि बोट तिथेच राहिलं. तू बाबांसाठी घरी गेल्यापासून आपण नववर्षाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही. विमानतळावर तू म्हणालास, "आमच्या पेंगहूला अशी प्रयोगशाळा नाही, तुला करमायचं नाही." ते खरंच होतं. पण करमत तर मला इथेही नाही. काही विनोदी घडलं की अजून मी तुझ्या खुर्चीकडे वळून पाहते. तिथे हल्ली प्रिंटर असतो.

फोन केला असता, तर तू समजूतदारपणे "चांगली संधी आहे" म्हणाला असतास आणि मीही "हो ना" म्हणून मोकळी झाले असते. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळच्या विमानानं मी तुमच्या मागोंगच्या विमानतळावर उतरतेय. फोन बंद ठेवणार आहे, तेव्हा समजुतीचं काही कळवू नकोस. तू घ्यायला आलास, तर सोमवारी साहेबांना नाही म्हणेन. नाही आलास, तर बाबांना भेटून संध्याकाळी परतेन. रागावणार नाही. पण चुंग-यू, ये.

तुझीच,
युन-रू