बाबांची सही आणि एक अट

दादा,

मी कर सल्लागाराकडे पळतेय. बाबांच्या उपचारांचा खर्च तुझ्या उत्पन्नातून वजा झाला की परतावा चांगला वाढेल. फक्त ‘मी मुलावर अवलंबून आहे’ या कागदावर त्यांची सही हवी होती. काल तुझ्यावर केवढे उखडले! म्हणे, “शिंपी आहे मी. माझं मशीन अजून माझ्याच पायांवर चालतं!”

आज मी विषयच काढला नाही, नुसता चहा पुढे ठेवला, तर स्वारीने स्वतःच पेन मागितलं! अट एकच: परतावा आला की मशीनला मोटर बसवायची.

मी लगेच हो म्हटलं. तूही हो म्हण, आणि मोटर कशाला ते मुळीच विचारू नकोस.

ठमी