आमच्या घरी बोध मिळतो

तंजावूर, रविवार

चि. मुरली यास वेंकटकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू आणि चि. लावण्या सुखरूप असाल अशी आशा आहे. दिल्लीची हवा वाईट आहे असे टीव्हीवर सारखे सांगतात. नाकाला फडके बांधून जात जा, पण ऑफिसात सोडत जा, नाहीतर साहेब ओळखायचा नाही आणि बढती दुसऱ्याला जाईल. (तुला ही अक्षरे वाचता येतात ती तिकडच्या हिंदीची कृपा. इथल्या आपल्या पोरांना मराठीत विचारले तर तमिळमध्ये उत्तर देतात, आणि लिहून दाखवले तर मुंग्या समजून फुंकर घालतात.)

पत्राचे मुख्य कारण म्हणजे तुझे अभिनंदन. देशातून नशा हटवण्याचे जे धोरण तुमच्या खात्यात बसून लिहितात, ते आमच्यापर्यंत पोचले. उगीच नावे ठेवतात लोक, की दिल्लीतले काही खाली झिरपत नाही. झिरपले. थेट आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत झिरपले.

झाले असे. तुझ्या काकूचे दुखणे पाठीच्या हाडांत उतरले, हे फोनवर सांगितलेच होते. मोठ्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. गोळी पोटात गेली की कामाक्षी उठून बसते, कॉफी पांचट झाली म्हणून मला बोलते, घरात जीव आल्यासारखे वाटते. पण ही गोळी म्हणे अफूपासून होते, म्हणून एकाच आस्पत्रीत मिळते, आणि तिथला औषधवाला ती देताना नागाचे पिल्लू धरल्यासारखे हात लांब करतो. मागच्या खेपेला म्हणाला, "अय्या, पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही." (ही अफू आपल्याच देशात सरकारच्या पहाऱ्यात पिकते, औषधासाठी परदेशी जाते, असे डॉक्टर म्हणाले. आनंद वाटला. तिकडच्या लोकांची पाठ दुखायला नको.)

त्याच आठवड्यात बसस्टँडजवळ नशाबंदीची सभा होती. इन्स्पेक्टर माइकवर म्हणाले, या पदार्थांबद्दल कुणाची काही अडचण असेल तर न घाबरता मला भेटा. मी साधा माणूस, पाचवीत दोनदा बसलेला. सांगितले ते खरे धरतो. गेलो स्टेजमागे आणि म्हणालो, "सर, अडचण आहे. मिळत नाही."

त्यांनी मला बाजूला घेतले. कधीपासून घेता, म्हणाले. मी नाही, बायको घेते, म्हणालो. मग तुम्ही काय करता? आता तमिळ मला जन्मापासून येते, पण घाबरलो की माझ्या तमिळमध्ये मराठी शिरते. मी म्हणालो, दर शनिवारी संध्याकाळी घरी बोध देतो, पाचसहा म्हातारी माणसे येतात, बोध घेतात आणि घरी जातात. तमिळमध्ये 'बोदै' म्हणजे नशा, हे मला घरी पोचून धोतर सोडताना आठवले.

कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी पोलीस आले. मी डोळे मिटून वैराग्यावर बोलत होतो, समोर मंडळी पेंगत होती. हवालदार ती मंडळी बघूनच म्हणाला, "बघा, बघा, सगळे आउट झालेत!" शेजारच्या हिराबाईला दरडावून विचारले, हा म्हातारा इथे काय वाटतो? ती डोळे चोळत म्हणाली, "बोध वाटतो रे बाबा, पण इतकी वर्षे घेते, कधी चढला नाही. झोप तेवढी येते." असे साक्षीदार शत्रूलाही मिळू नयेत.

मग फळीवर गोळ्यांची पट्टी सापडली. डॉक्टरांची चिठ्ठी आस्पत्रीने ठेवून घेतलेली, कारण नियम. पट्टी पोलीस घेऊन गेले, कारण नियम. कामाक्षी आतून हाक मारून म्हणाली, "अहो, त्यांना कॉफी तरी विचारा." त्यांनी कॉफी घेतली आणि गोळ्याही.

आता पोलीस म्हणतात आस्पत्रीचा दाखला आणा, आस्पत्री म्हणते पोलिसांचा आणा. नव्या गोळ्या मागितल्या तर औषधवाला म्हणाला, इतक्यात परत दिल्या तर ओव्हरडोस होईल. मुरली, जिला डोसच नाही तिला ओव्हरडोसची भीती घालायची म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे पथ्य सांगायचे. हे वाक्य तुमच्या धोरणात कुठे बसत असेल तर बसव, माझे नाव घालू नकोस.

परत येताना त्याच बसस्टँडमागे, त्याच सभेच्या फाटक्या फलकाखाली, एक मिशीवाला गृहस्थ जवळ आला आणि नातवाच्या मायेने हळूच म्हणाला, "ताता, काही हवे का? चांगला माल आहे." चिठ्ठी विचारली नाही, दाखला विचारला नाही, उलट मी दमलेला दिसतो म्हणून बसायला कट्टा झाडून दिला. सबंध महिन्यात माझी इतकी आदबीने चौकशी कुणी केली नव्हती. नको म्हणालो. पण मुरली, घरी पोचेपर्यंत मी दोनदा मागे वळून बघितले.

असो. धोरण उत्तम आहे. ज्याला नशा हवी त्याला अडचण नाही, आणि जिला झोप हवी तिच्यावर पहारा आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा काका,
वेंकटराव

ता. क. काकू म्हणते, मी सगळे वाढवून लिहितो. तिचे बरे आहे, तू काळजी करू नकोस. हे सांगताना तिने उशीचे टोक दातांत धरले होते, त्यामुळे एखादा शब्द मला चुकीचा ऐकू आला असेल.

आणखी ता. क. पोलिसांना फोन कर, वशिला लाव, असे काही मागत नाही. तू मोठा अधिकारी, तुझ्या नोकरीला डाग नको. डॉक्टर धावपळ करताहेत, पुढच्या आठवड्यात काहीतरी होईल म्हणतात. पण तोपर्यंत तू ये. येताना गोळ्या आणू नकोस, विमानतळावर धरतील. नुसता ये. रात्रभर तिचे पाय दाबायला माझे दोन हात पुरत नाहीत. आल्यावर मात्र सांग, की इकडे सरकारी काम निघाले म्हणून आलो. मी बोलावले हे कळले तर गोळी नसतानाही उठून मला मारेल.