टाळीचा दिवा

१७ जानेवारी १९९४, सोमवार
खारबावहून सोमाच्या नव्या खोलीत आले. निजामपुरा. साक्षरता वर्गाच्या बाईंनी बजावलंय, रोज लिही, न्हायतर अक्षरं विसरशील. म्हणून हे. खोली झकास. खिडकी तेवढी न्हाय, भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना. भरदुपारी दिवा लागतो. लेक सोमा लूमवर वायरमन, सून मंदा गोदामात ड्युटीला. नात बकुळा चार वर्षांची, ती दिवसभर माझ्या गळ्यात. सोमानं दिव्याला यंत्र बसवलंय. टाळी वाजवली की लागतो, परत वाजवली की विझतो. भिंतीवरचं बटण काढूनच टाकलं. म्हणतो, आये, आता उठायचे कष्ट न्हायत. मी म्हटलं, बरं झालं, लोकांना वाटंल म्हातारी कव्वालीला बसली.

१८ जानेवारी, मंगळवार
जळो ते यंत्र! तांदळाची भाकरी थापायला घेतली, तर थापेसरशी दिवा लागतोय, विझतोय. एक भाकरी करपली, दुसरी कच्ची. मंदा म्हणते, हळू थापा. हळू थापून भाकरी होते? तिच्या बापानं थापली होती!

१९ जानेवारी, बुधवार
आज हात धुऊन गप बसले होते. दिवा विझला. लागला. बकुळा कोपऱ्याकडे बघून खिदळत होती. सोमा म्हणतो, लूमच्या खडखडाटानं होतं. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा बटण परत बसवतो. वायरमनच्या घरात बटण न्हाय! कुणाला सांगायचं?

२० जानेवारी, गुरुवार
बकुळा कोपऱ्याशी टाळ्यांचा खेळ खेळते. हात पुढं करते, हवेत थांबतो— आणि टाळी वाजते. कोण गं तिथं, विचारलं. म्हणाली, ती एकटी असते, मला न्यायला आलीय.
शेजारची हमिदा विचारते, दुसरं पोर कुणाचं आणलंय? दोघींच्या टाळ्या ऐकू येतात. तिला झापलं. मग सोमाला म्हटलं, ही खोली सोड. हसला मेला.

२१ जानेवारी, शुक्रवार
लूम बंद. गल्ली मुकी. लूम बंद म्हणूनच सोमाला दुरुस्तीला बोलावून नेलं. बटण राहिलं. मंदा ड्युटीला.

टाळी झाली. लूमबीम काही न्हाय— टाळीच. दिवा गेला, आला. बकुळा कोपऱ्याच्या जवळ सरकलेली. ओढून आणली. परत दिवा गेला, आला— पोरगी परत तिथंच.

दार उघडत न्हाय. हमिदाला हाका मारल्या. कुणी—

डाव्या मुठीत पोरीचे दोन्ही हात आवळलेत. उजव्यानं लिहिते. सोमा, मी तिला सोडलेली न्हाय.

टाळी. दिवा गेला. काळोखातच लिहि—
मांडी बडवली, जमीन बडवली. माझं ऐकत न्हाय. टाळीला दोन हात लागतात. पोरीला सोडू कशी—

मुठीत चाचपलं. हात तीन आहेत.
एक गार. न्हाय, दोन गार—
बकुळे, बोल गं— तुझा कुठ—