टिबुकलीची उघडी अंडी

प्रिय दादा,

तुझा पाय बरा झाला आणि तू ऑफिसला जायला लागलास, हे आईकडून कळलं. वहिनीने तुला इतके दिवस घरात बसवून ठेवलं म्हणजे कमालच केली. मी धड आहे. पाणथळीतले पक्षी मोजण्याचं माझं हे तिसरं वर्ष. काम विणीच्या हंगामापुरतंच. एका खोलीत आम्ही तिघी, दोरीवर कधीच न वाळणारे मोजे आणि केसांना चिखलाचा वास. एवढं शिकून दलदलीत काय लोळतेस, असं तू म्हणायचास. पण मला आवडायचं रे. सकाळी गुडघाभर पाण्यात गुमान उभं राहिलं की टिबुकली दिसायची. ओंजळीत मावेल एवढी. तरंगत्या घरट्यावरून उतरताना चोचीने शेवाळ ओढून अंडी झाकायची आणि मगच बुडी मारायची. घाईतल्या बाईने दुधावर झाकण सरकवावं, तशी.

यंदा सगळं नासलं. आमच्या प्रमुखाला आम्ही 'दुर्बीण' म्हणतो, कारण ती सदा त्याच्या गळ्यात असते आणि डोळ्याला कधी लागत नाही. मोजणीच्या दिवशी आम्ही पोचलो, तर त्याची माणसं लव्हाळ्यात फटाक्यांच्या माळा लावत होती. सगळं आभाळ पक्ष्यांनी भरलं आणि बघता बघता रिकामं झालं. धूर विरल्यावर दुर्बीण म्हणाला, "चला, आता मोजा. दिसेल तेवढंच लिहायचं, खोटं काही नको." वर तोंड करून म्हणाला हे.

मी पाण्यात उतरले. अंडी झाकायला टिबुकल्यांना वेळच मिळाला नव्हता. घरट्यांवर कावळे बसले होते आणि पाण्यावर बलक पसरला होता. काठावर दुर्बीण डब्यातलं उकडलेलं अंडं सोलत होता, टरफलं पाण्यात टाकत होता. मला तिथेच उलटी झाली. त्याने पाणी दिलं, बापाच्या मायेने पाठ थोपटली. तो हात आठवला की अजून अंगावर शिसारी येते. खोलीतल्या दोघींना म्हटलं, तक्रार करू. एक म्हणाली, "मग पुढच्या हंगामाला कोण बोलावणार?" दुसरी भिंतीकडे तोंड करून झोपली. मी मात्र अहवालावर सही केली नाही. घरट्यांचे, जळक्या माळांचे फोटो माझ्याकडे आहेत.

सही का करत नाही, म्हणून दुर्बीण मला समजवायला आला. पाणथळीतून नवा रस्ता न्यायचाय, त्या रस्त्याच्या साहेबांना ती रिकामी दिसायला हवी होती, मोजणीआधी जरा साफसफाई करून घ्या असं त्यांनीच सुचवलं, म्हणाला. मग साहेबांचं नाव सांगितलं. माझं आणि साहेबांचं आडनाव एकच निघालं, याची त्याला गंमत वाटली. मला तुझ्याबद्दल जे वाटलं, ते लिहायला हात धजत नाही. सोमवारी रस्त्याची जनसुनावणी आहे. तू टेबलामागे बसलेला असशील. मी फोटो घेऊन येईन आणि ऐकलेलं सगळं सांगेन, तुझ्या नावासकट. आईला अजून काही बोललेले नाही, ते तूच सांग. सावरासावर करायला वेळ मिळावा म्हणून हे कळवत नाही. माझ्याआधी तू उठलास आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, तर मी मागच्या खुर्चीत गप्प बसेन. तेवढ्यासाठीच हे पत्र.

अजून तरी तुझीच,
बारकी