सात क्रमांकाचा निबंध

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, निवृत्त ग्रंथपाल, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहती दोन खोल्यांची जागा व बँकेतील शिल्लक माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला मिळावी. ती आधी गेल्यास तिच्या मुलीला. चुलतभावाला काही नाही. आईच्या आजारपणात तो एकदाच आला, तोही टीव्ही न्यायला. मीही फार वेगळी वागले नाही, ते पुढे येईलच.

२. माझी पुस्तके वाचनालयाला देऊ नयेत. तिथे ती कुलपात राहतात. समोरच्या शिक्षिकेला हवी ती नेऊ द्यावीत.

३. वाचनालयाचा निबंध पुरस्कार बावीस वर्षे चालला. चिटणीस मीच. तो बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले, हल्ली कोणी लिहीत नाही. मीही मान डोलावली. ते खोटे होते.

शेवटच्या वर्षी अकरा निबंध आले. सगळे टाइप केलेले. वर फक्त क्रमांक, नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षक प्राध्यापकांनी सातवा निवडला. अंथरुणाला खिळलेल्या आईची दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, एवढेच त्यात होते. पाकीट मी उघडले. आत ताईचे नाव. सातवीत शाळा सुटलेली, जन्मभर लोकांचे कपडे शिवणारी माझी ताई.

निबंधात एक वाक्य होते : ‘घरात आई आणि मी, दोघीच होतो.’ मीही त्याच घरात राहत होते. तिने तक्रार केली असती तर सोसले असते. तिने मला धरलेच नव्हते.

समितीला मी सांगितले, यंदा एकही निबंध पात्र नाही. प्राध्यापक तेव्हा रुग्णालयात होते. ते परत आलेच नाहीत. पुढच्या वर्षी देणगीदारांनी अंग काढून घेतले.

ताईने एकदाच विचारले, “माझा कागद पोचला होता का गं?”

“पोचला. यंदा कुणालाच नाही दिलं.”

“असू दे. मी आपलं लिहून पाहिलं.”

त्यानंतर तिने काही लिहिले नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडे जाऊन सगळे सांगितले. धैर्य वगैरे नव्हे. नऊ वर्षे हे वागवून दमले होते. ती सदऱ्याला काजे करत होती. सुई थांबली नाही.

“ते सर काय म्हणाले होते?”

मी शेरा वाचला : ‘याला कोणी हात लावू नये. जसाच्या तसा छापावा.’ तिने तो पुन्हा वाचायला लावला. मग दोरा तोडून म्हणाली, “आज जेवायला थांबू नकोस.”

निबंध व शेरा मी तिथेच ठेवून आले. छापायचा की नाही, ते तिने ठरवावे. वाचनालयाने माझी शोकसभा घेतलीच, तर हे तिसरे कलम मोठ्याने वाचावे आणि घरी जावे.

साक्षीदार : माझे डॉक्टर, खालच्या मजल्यावरचे शेजारी. ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून ताईला बोलावले नाही. बोलावली असती तर आली असती का, ठाऊक नाही.

राहत्या घरी, नऊ मार्च, दुपारी.

(सही)