सगळे तोंडात बघत होते

सोमवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा तेच. बाळ सकाळपासून किंचाळतंय. सात महिने पूर्ण झाले, तोंडाचं बोळकं ते बोळकंच, म्हणून नावही तेच पडलंय. एकदा दात आला की काय हाक मारायची, देव जाणे! लाळेरी भिजून भिजून दोरीवर नुसती रांग लागलीय.

आज घरात जाहीर करून टाकलं. थंड ओलं फडकं चावायला द्यायचं. फ्रीजमधला चमचा हिरडीला टेकवायचा. हात धुऊन बोटाने हिरड्या चोळायच्या. संपलं. बाकी कोणी काही लावायचं नाही, चाटवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय दगड वाढवले का गं?" दगड नाही वाढवला, पण तुमचा मुलगा वाढवलात, तो काय करतोय बघा - असं तोंडावर आलं होतं. गिळलं. तो सोफ्यावर बसून नंदीबैलासारखा दोघींकडे मान हलवत होता.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

फडक्याला गाठ मारून गार केलं की छान चावतं. गाठ चावताना गुरगुरतं. पाच मिनिटं शांतता, मग फडकं गरम होतं आणि ये रे माझ्या मागल्या. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आता लोण्याशेजारी फडकी आणि चमचेच आहेत.

कामाचं घोडं पुढे सरकत नाही. नाटकवाल्यांचा म्हातारीचा टोप अर्धाच झालाय, आणि त्या शाळेतल्या बाईंचा विग तर सुरूसुद्धा केला नाही. त्यांच्या डोक्यावर कॅन्सरच्या उपचारांनी एक केस उरलेला नाही, महिनाअखेर परत वर्गात जायचंय म्हणाल्या. जाळीवर हुकने एकेक केस गाठ मारून बसवायचा, त्यात बाहेरून रडणं आलं की हात थांबतो. सासूबाई थंडीचा रुमाल डोक्याला बांधून बोळक्याला मांडीवर घेऊन बसतात म्हणून निदान तेवढं तरी होतंय. हे मात्र कबूल केलं पाहिजे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज शांत. चमचा चोखत झोपलं. जिंकले मी!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कसली जिंकले. काल दुपारपासून जे सुरू झालंय ते थांबायचं नाव नाही. हा वेगळाच सूर आहे - तीक्ष्ण, मध्येच श्वास अडकतो. फडकं फेकून देतं, चमच्याला हात लावत नाही. उभं धरलं की जास्तच. खालची शिंपीणबाई टॉर्च घेऊन वर आली. तिने, सासूबाईंनी, मी, त्याने - चौघांनी आळीपाळीने तोंडात बघितलं. "वरचा आधी येतोय," शिंपीणबाई म्हणाली, "वरचा जास्त छळतो." सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आत्ता कुठे झोपलंय. लिहिते तरी.

दुपारी दूधही घेईना. अंग तापलेलं. रिक्षा करून दवाखान्यात नेलं - मी, तो, सासूबाई, आणि शिंपीणबाईही दुकानाला कुलूप घालून आली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हिरड्यांना काय काय लावलंत?"

मी ताठ मानेने सांगितलं, "काही नाही. नुसतं थंड फडकं."

मग सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "लवंगेचं तेल. एक थेंब. सकाळ-संध्याकाळ." मी वळून बघेपर्यंत शिंपीणबाई म्हणाली, "मी बोटभर मध चाटवला, तीनदा. नैसर्गिकच आहे ना हो?" आणि मग तो. माझा नवरा. नंदीबैल. "ब्रँडीत बोट बुडवून... एकदाच. म्हणजे दोनदा."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. माझ्या पाठीमागे अख्खं घर! डॉक्टरीणबाई भडकल्या. एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नसतो, लवंगेचं तेल आणि दारू तर विषच म्हणा, आणि 'नैसर्गिक' म्हणून काहीही पोटात घालायचं नसतं. तिघेही शाळेतल्या पोरांसारखे उभे. मला वाटलं, झालं, ह्यांनी माझ्या बाळाला विष घातलं.

मग त्या म्हणाल्या, "ह्याचे सगळे कपडे काढा. सगळे. मोजेसुद्धा."

उजवा मोजा काढला. पायाचं मधलं बोट जांभळं. सुजून दुप्पट झालेलं, आणि बुडाशी एक खोल चीर, करवतीने कापल्यासारखी. मला कळेचना काय बघतेय मी. त्यांनी भिंग लावलं, बारीक पात्याने काहीतरी कापलं, चिमट्याने ओढलं. काळा धागा. धागा नाही. केस! एक लांब केस बोटाला गच्च आवळून बसला होता. मोज्याच्या आत गुंतला आणि पाय हलवेल तसा आवळत गेला.

दात नव्हताच. दोन दिवस माझं बाळ बोट तुटतंय म्हणून ओरडत होतं आणि आम्ही चौघे तोंडात टॉर्च मारत होतो. सर्दी होती म्हणून गुरुवारपासून आंघोळ नाही, पाय गार पडतात म्हणून मोजे काढले नाहीत. आईची माया म्हणे.

"आणखी उशीर झाला असता तर बोट गेलं असतं," त्या म्हणाल्या. "अजूनही खात्री देत नाही. काळं पडायला लागलं तर लगेच आणा."

रविवार, १० नोव्हेंबर

बोट जांभळंच. दर थोड्या वेळाने बघते. दाबलं की पांढरं होऊन परत रंग यायला हवा म्हणाल्या. येतोय, पण हळू.

संध्याकाळी तो बोलला. "केस कुठून आला हे काय विचारायचं? घरात केसांचं दुकान आहे." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी कामाचा झगा कामाच्या खोलीतच काढते, दाराशी केस टिपायचा चिकट रूळ अंगावरून फिरवते, बोळक्याला तिथे पाऊल ठेवू दिलेलं नाही. हे सगळं सांगता आलं असतं. पण बोट जांभळं आहे. कोणत्या तोंडाने सांगू?

सासूबाई ताट वाढून खोलीत गेल्या.

सोमवार, ११ नोव्हेंबर

त्याने केसांच्या पेट्या बांधून जिन्याखाली नेऊन ठेवल्या. मी अडवलं नाही. शाळेतल्या बाईंना फोन करायला हवा. नंबर लावला, ठेवून दिला. दहा वर्षांचं काम आहे माझं. गेलं तर जाऊ दे, बोट राहू दे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

गुलाबी! टोकाशी गुलाबी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या वाचलं. बुडाशी वण राहील, बस्स. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, मनसोक्त. बोळकं माझ्या मंगळसूत्राचे मणी चावत होतं. दात अजून नाहीच!

बुधवार, १३ नोव्हेंबर

धुणं काढलं. तो मोजा बादलीच्या तळाशी तसाच पडला होता, हात लावायचं कोणाचं धाडस झालं नव्हतं. उलटा केला. आत लोकरीत अजून दोन केस अडकलेले. फेकणार होते. मग कामाचा दिवा लावला आणि भिंगाखाली धरले. निदान खात्री तरी होऊ दे की मीच ती.

माझ्या कामाचे केस दोन्ही टोकांना कापलेले असतात, धुऊन विंचरून येतात. हे तसे नाहीत. माझे स्वतःचेही नाहीत, माझे खांद्यापर्यंत आहेत. हे हातभर लांब. एका टोकाला पेरभर पांढरे, पुढे रंगवलेले काळे.

घरात केस रंगवणारी एकच बाई आहे.

तीन दिवस मी मान खाली घालून फिरतेय, माझ्या पेट्या जिन्याखाली, आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही! स्वतःचा केस माझ्या माथी! लवंगेचं तेल काय, हे काय. माझं अंग नुसतं जळतंय. उद्या सकाळी, त्याच्यासमोर, दोन्ही केस त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार आहे. बघू दे मग दुकान कोणाचं ते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ठेवले नाहीत. ठेवायला निघायच्या आधी एकदा परत भिंगाखाली बघितले, ह्या वेळी पांढरं टोक. गळलेल्या केसाला मुळाशी बारीक गाठ असते. ह्यांना नाही. तासलेल्या पेन्सिलीसारखे निमुळते होत जाऊन तुटलेले, दोन्ही. असे केस मी ओळखते. त्या शाळेतल्या बाईंसारख्या, माझ्याकडे विग करायला येणाऱ्या बायका पिशवीत घालून घेऊन येतात.

तो कामाला गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं. "आई, कधीपासून?" एवढंच विचारलं. त्यांनी गॅस बंद केला. थंडीमुळे बांधते म्हणायच्या त्या डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली.

"दोन इंजेक्शनं झाली," म्हणाल्या. "बाळाचा दात येऊन जाऊ दे, मग सांगू म्हटलं."